मोंताल्चिनोची टेकडी आणि कडवंचीचे माथे

कुंडलिकाकाठ (धागाकर्ता)

इटलीतील तोस्काना प्रांतात, सिएना शहराच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर मोंताल्चिनो नावाचे एक लहान गाव आहे. समुद्रसपाटीपासून उंची ५६४ मीटर, माथ्यावर १३६१ सालचा किल्ला आणि तिथून चारही बाजूंना उतरत गेलेल्या द्राक्षबागा, ऑलिव्हची झाडे व जंगल. इथली ‘ब्रुनेल्लो’ ही लाल वाइन जगभर नावाजलेली आहे. तिच्या चवीची चर्चा इतरत्र भरपूर झाली आहे. एका गरीब डोंगरी गावाने आपल्या द्राक्षाला स्वतःचा भाव कसा मिळवला, आणि त्यातून आपल्या मराठवाड्यातील द्राक्षगावांनी, विशेषतः जालना तालुक्यातील कडवंचीने, काय घ्यावे व काय सोडून द्यावे, याविषयी इथल्या जाणकारांची मते मिळावीत म्हणून हा धागा काढत आहे.

ही दोन गावे शेजारी ठेवण्यास कारण आहे. जालना शहर सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे उंचीत फार अंतर नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाऊस. मोंताल्चिनोला वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आपल्या जालना जिल्ह्याची सरासरीही जवळपास तेवढीच आहे. फरक आहे तो वेळेचा. तिथे तो मुख्यतः वसंत ऋतूत आणि शरदाच्या अखेरीस पडतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, तोही मोजक्या दिवसांत, कोसळून जातो आणि उरलेले आठ महिने वेल साठवलेल्या पाण्यावर जगवावा लागतो. तिथला वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपतो, त्याची छाटणी एकदाच होते आणि फळ सप्टेंबर-ऑक्टोबरात येते. आपला वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि ऑक्टोबरात गोड छाटणी करून घड काढायचे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १४ व्या शतकात दौलताबादेला आला होता; इथल्या द्राक्षांना व डाळिंबांना वर्षातून दोनदा फळ येते असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या दोन बहरांपैकी एक आपण आज मुद्दाम छाटून टाकतो आणि एकच पीक नीट घेतो. मराठवाड्यात द्राक्ष ही काल-परवाची गोष्ट आहे असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मोंताल्चिनोच्या डोंगराची रचना समजून घेण्यासारखी आहे. गावाभोवती ओंब्रोने, ओर्चा आणि आस्सो या नद्यांची खोरी आहेत. दक्षिणेला मोंते आमिआता हा १,७३८ मीटर उंचीचा, विझलेल्या ज्वालामुखीचा डोंगर उभा आहे. तो वादळे आणि गारा बऱ्याच अंशी अडवतो. खालच्या भागात चिकण माती आहे. वर जावे तसा ‘गालेस्त्रो’ नावाचा ठिसूळ, पातळ पापुद्र्यांचा दगड लागतो, जो हातात दाबला तरी तुटतो. वेलाची मुळे त्या फटींतून खोल उतरतात, पाणी थांबत नाही आणि झाड माजत नाही. आपल्या टेकड्यांवरचा मुरूम बेसॉल्टचा, त्यामुळे दगडाची जात वेगळी; पण पाण्याचा निचरा आणि मुळांना लागणारी ओढ या दोन बाबतींत तो द्राक्षाला तसाच मानवतो. काळ्या भारी रानात वेल नुसता पालेदार होतो, हे आपल्याकडील प्रत्येक बागायतदार जाणतो.

आता मूळ मुद्दा. दुसऱ्या महायुद्धानंतर मोंताल्चिनो हा तोस्कानातील गरीब भागांपैकी एक होता. तिथली शेती ‘मेझ्झाद्रिया’ पद्धतीने चाले, म्हणजे जमीन मालकाची, राबणूक कुळाची आणि पीक निम्मे-निम्मे. आपल्याकडे ज्याला अर्धेलीची बटाई म्हणतात तीच ही पद्धत. १९६४ साली इटलीने कायद्याने असे नवे करार बंद केले. तोवर तरुण माणसे शहरांकडे निघून गेली होती आणि डोंगरातली घरे ओस पडत होती. फेर्रुच्यो बिओन्दी-सान्ती यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस केवळ सान्जोवेजे या एकाच जातीपासून, दीर्घकाळ टिकणारी वाइन करण्याची रीत घालून दिली होती आणि त्यांची १८८८ सालची वाइन प्रसिद्ध आहे. पण ती एका घराण्याची कीर्ती होती, गावाची नव्हे.

गावाची कीर्ती नियमांनी घडवली. १९६६ साली ब्रुनेल्लोला कायदेशीर भौगोलिक ओळख मिळाली, १९६७ मध्ये उत्पादकांचा संघ स्थापन झाला आणि १९८० साली इटलीतील सर्वांत वरच्या श्रेणीची हमी मिळवणाऱ्या पहिल्या काही वाइनमध्ये तिचा समावेश झाला. नियम कडक आहेत. द्राक्ष मोंताल्चिनोच्या हद्दीतलेच हवे आणि बाटलीही तिथेच भरली पाहिजे. जात एकच, शंभर टक्के सान्जोवेजे. उत्पादन हेक्टरी ८ टनांपेक्षा जास्त नको, म्हणजे एकरी साधारण सव्वातीन टन. पाणी देऊन पीक वाढवायला परवानगी नाही. फार ताण पडला तर संरक्षित पाणी द्यावे, एवढीच मुभा आहे. वाइन किमान दोन वर्षे लाकडी पिंपात मुरली पाहिजे आणि पीक काढल्याच्या वर्षानंतरच्या पाचव्या वर्षी, १ जानेवारीला, ती विक्रीस खुली होते. एकूण सुमारे २४,००० हेक्टरच्या त्या प्रदेशात द्राक्षाखाली जेमतेम १५ टक्के जमीन आहे आणि जवळपास निम्म्या भागावर आजही जंगल आहे. भाव आहे म्हणून अख्खा डोंगर उकरून बागा लावल्या, असे तिथे झालेले नाही.

कडवंचीने असेच काही आधी करून दाखवले आहे, म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो. १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमांतर्गत, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि शेती-पाणलोटाचे जाणकार विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झाले. डोंगरावर समतल चर, शेतात बांधबंदिस्ती, ओढ्यांवर बंधारे. त्या कार्यक्रमाच्या अटी श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी अशा होत्या, म्हणजे प्रत्येक घराला काही ना काही सोडावे लागले. पुढे शेततळी झाली, द्राक्ष आले आणि २०१२ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळत असताना कडवंचीच्या बागा शेततळ्यांवर तगल्या. पाण्यासाठी अख्ख्या गावाने नियम पाळले. मालासाठी तसे नियम पाळता येतील का, हा माझा प्रश्न आहे.

मुरमाड_रान

धागा अतिशय चांगला आहे. मी स्वतः बदनापूर भागात थॉमसन या बिनबियांच्या खाण्याच्या द्राक्षाची बाग करतो, त्यामुळे व्यवहाराच्या बाजूने लिहितो.

एकरी सव्वातीन टन हा आकडा वाचून आमच्या भागातील कोणीही दचकेल. खाण्याच्या द्राक्षात एकरी १० टनांचा हिशेब धरल्याशिवाय औषधांचा, मजुरीचा आणि बँकेच्या हप्त्याचा मेळ बसत नाही. त्यातही व्यापारी मण्याचा आकार पाहतो. मणी ज्वारीएवढा झाला की जिबरेलिक ॲसिड या मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या द्रावणात एकेक घड बुडवावा लागतो. बाया एका हातात भांडे धरून, मांडवाखाली मान वर करून दिवसभर हेच काम करतात, आणि संध्याकाळी त्यांच्या कोपरापर्यंत द्रावणाचे ओघळ वाळलेले असतात. पुढे विरळणी, पुन्हा बुडवणी. १८ मिलिमीटरचा मणी मिळाला तर निर्यातीचा भाव मिळतो.

वाइनच्या द्राक्षाला यातले काही लागत नाही, उलट ते चालतच नाही. तिथे मणी लहान, साल जाड आणि आत बी हवे, कारण रंग आणि तुरटपणा सालीत व बियांत असतो. म्हणजे आमची बाग ही ‘वाइनची बाग होऊ शकेल’ अशी बाग नव्हे. ती करायची तर डॉगरिज या जंगली द्राक्षजातीच्या खुंटावर नवीन जातीचे कलम बांधावे लागेल, आणि पहिले धड पीक येईपर्यंत हप्ते चालूच राहतील. त्यानंतर माल पाचव्या वर्षापर्यंत विकताच येणार नसेल, तर तेवढ्या काळाचा घरखर्च कोण देणार? माझ्या मते पाचव्या वर्षापर्यंत थांबण्याची ऐपत हेच मोंताल्चिनोचे खरे भांडवल आहे, आणि नेमके तेच आपल्याकडे नाही.

पैठणी_काठ

मी मूळचा पैठणचा असून काही वर्षांपासून शिक्षणानिमित्त फ्लोरेन्समध्ये राहतो. मुरमाड_रान यांनी उपस्थित केलेला प्रश्न मोंताल्चिनोच्या शेतकऱ्यांनाही पडला होता, आणि त्यांनी काढलेला तोडगा या चर्चेत यायला हवा.

१९८४ साली तिथे ‘रोस्सो दी मोंताल्चिनो’ अशी दुसरी ओळख मान्य झाली. जात तीच सान्जोवेजे, डोंगर तोच. पण ती पुढच्याच वर्षी, १ सप्टेंबरपासून विकता येते. ज्या बागांचे फळ एखाद्या वर्षी कमी उतरले, किंवा ज्या शेतकऱ्याला पैशाची निकड आहे, त्याने ब्रुनेल्लोसाठी नोंदवलेल्या बागेचे फळही रोस्सोकडे वळवावे. त्यामुळे घरात रोख पैसा येतो आणि कमअस्सल माल वरच्या नावाखाली विकण्याचा मोह टळतो. वरच्या मालाचे नियम कडक ठेवता आले ते खालचा दरवाजा उघडा ठेवल्यामुळे, असे माझे निरीक्षण आहे.

तरीही मोह टळलाच असे नाही. २००८ साली काही उत्पादकांनी ब्रुनेल्लोत दुसऱ्या जातींची वाइन मिसळल्याच्या संशयावरून मोठी चौकशी झाली. अमेरिकेने हमीपत्राशिवाय माल स्वीकारणार नाही अशी भूमिका घेतली आणि ज्यांचा काही दोष नव्हता त्यांनाही त्याची झळ बसली. त्यानंतर, २०११ मध्ये, निदान रोस्सोमध्ये तरी इतर जाती मिसळू द्याव्यात असा प्रस्ताव संघापुढे आला. तो बहुमताने फेटाळला गेला. सवलत मिळत असताना बहुसंख्य उत्पादकांनी ती नाकारली, याचे मला विशेष वाटते.

औसा_बागायत

लातूर-धाराशिवकडची बाजू मांडतो. औसा आणि तुळजापूर भागातही द्राक्ष बऱ्यापैकी आहे, पण वाइनच्या द्राक्षाचे नाव काढले की जुनी माणसे विषय बदलतात.

राज्य सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, महाराष्ट्रातील द्राक्षापासून केलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली, आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. नाशिककडे वाइन द्राक्षाच्या लागवडी झपाट्याने वाढल्या. २००८ नंतर मंदी आली, मागणी आटली, कारखान्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या आणि पुढची दोन-तीन वर्षे शेतकऱ्यांनी त्या बागांवर कुऱ्हाड चालवली. माझ्या नात्यातील एका कुटुंबाने कंपनीशी करार करून लागवड केली होती. तिसऱ्या हंगामात कंपनीने गाडीच पाठवली नाही. वाइनचे द्राक्ष मोंढ्यात नेऊन विकता येत नाही आणि त्याचा चांगला बेदाणाही होत नाही, कारण त्यात बी असते. ज्या मालाला एकच गिऱ्हाईक आहे, तो माल पिकवणारा त्या गिऱ्हाइकाच्या हातात सापडतो.

मोंताल्चिनोत द्राक्ष पिकवणारा, वाइन करणारा आणि बाटली भरणारा हा पुष्कळदा एकच माणूस असतो, निदान त्याच गावातला असतो. आपल्याकडे शेतकरी एकीकडे आणि कारखाना दुसरीकडे होता. धागाकर्त्यांनी नियमांवर जो भर दिला आहे तो योग्य आहे, पण नियम करणारे आणि माल विकणारे हात एकाच गावातले असतील तरच ते टिकतात.

तुकोबांची_वारी

माझ्या मनात आहे ते आदरपूर्वक मांडतो. आमच्या भागात जवळपास प्रत्येक गावातून आषाढीला दिंडी निघते, आणि ज्या गावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली त्या गावांचा आम्हाला अभिमान आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी जवळून पाहिली आहेत. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा शेतकऱ्याचे हित हेच कारण पुढे केले गेले. शेतकऱ्याचे हित मलाही हवे आहे. पण ते ज्या मालातून साधायचे तो माल गावातील बायकांना विचारून ठरवावा, एवढेच माझे म्हणणे आहे. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ग्रामसभेत ठरली असेल, तर हेही ग्रामसभेतच ठरावे.

कुंडलिकाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. तुकोबांची_वारी यांचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे, आणि मुरमाड_रान व औसा_बागायत यांनी दिलेली कारणेही तितकीच वजनदार आहेत. कडवंचीत किंवा औशात वाइन करावी असे मला वाटत नाही. मोंताल्चिनोकडून वाइन घ्यायची नसून हद्द, मर्यादा आणि तारीख या तीन गोष्टी घ्यायच्या आहेत, असे या चर्चेनंतर माझे मत पक्के झाले आहे.

आपल्या हातात खाण्याचे द्राक्ष आणि बेदाणा आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, जालन्याच्या मोसंबीलाही त्याच वर्षी मिळाले. तरीही मोंढ्यात मोसंबीचा ढीग लागतो तेव्हा त्यावर मानांकन लिहिलेले नसते; ढिगाचा भाव आणि आडत्याचा शब्द, एवढेच तिथे चालते. कागद मिळाला, पण हिरवी मोसंबी तोडून बाजारात आणणाऱ्याला थांबवणारा नियम मिळाला नाही. मोंताल्चिनोत आधी नियम होते आणि त्या नियमांना सरकारने नाव दिले. आपण नाव आधी मागितले.

माझी कल्पना अशी आहे. पाणलोटाची हद्द हीच मालाची हद्द धरावी. ती कडवंचीच्या माथ्यांवर चरांनी आखलेलीच आहे. एकरी टनांची मर्यादा गावाने स्वतः ठरवावी, ती सव्वातीन टन असण्याचे कारण नाही, पण आज आहे त्यापेक्षा कमी असावी. यात पाण्याचाही विचार आहे: वेलावर घड कमी ठेवले तर तेवढेच शेततळे मार्चपर्यंत पुरते. आणि तारखेच्या जागी गोडी धरावी, तिची मोजणी बागेतच व्हावी. १८ ब्रिक्सच्या (रसातील साखरेचे माप) आत गावाच्या नावाने एकही पेटी बाहेर पडू नये. ज्या वर्षी बाजार पडेल त्या वर्षी माल बेदाण्याकडे वळवता यावा म्हणून बेदाणा वाळवायची शेड गावाची असावी.

पैठणी_काठ

एक पुरवणी. मोंते आमिआताने गारा अडवल्या म्हणून तिथे फळ पूर्ण पिकण्याची वाट पाहता आली, हेही लक्षात ठेवावे लागेल. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट आपण सर्वांनी पाहिली आहे. तोडणीला आलेला माल वेलावर ठेवून गोडी वाढण्याची वाट पाहायला सांगणे म्हणजे शेतकऱ्याला जोखमीत उभे करणे आहे. विम्याची किंवा गारारोधक जाळीची सोय झाल्याशिवाय गोडीचा नियम कागदावरच राहील.

मुरमाड_रान

हाच माझाही आक्षेप होता, आणि त्याला जोडून दुसरा. हंगामाच्या सुरुवातीचा भाव सर्वांत चढा असतो. त्यासाठी काही जण सप्टेंबरातच आगाप छाटणी करतात, केवडा या बुरशीरोगाची जोखीम पत्करतात आणि डिसेंबर-जानेवारीत माल बाजारात उतरवतात. त्या फळाला रंग असतो, आकार असतो, गोडी मात्र बेताची असते. गावाचा शिक्का असेल तर सर्वांत आधी तोच माल त्या शिक्क्याने जाईल आणि मागून येणाऱ्या चांगल्या मालाचा भाव पाडून जाईल. त्याला अडवले तर तो म्हणेल, माझे कर्ज गाव फेडणार आहे का? त्याचे म्हणणे खोटे नाही.

मला वाटते इथे रोस्सोचा धडा कामाला येईल. आगाप माल विकायला कोणाला मनाई नसावी, गारांची भीती वाटून लवकर तोडणाऱ्यालाही नसावी. त्याने तो बिनशिक्क्याच्या पेटीत, स्वतःच्या नावाने विकावा. गावाची पेटी वेगळी, तिचा कागद वेगळा, आणि ती गोडी मोजल्यावरच मिळावी. पेट्या बचत गटाच्या ताब्यात असाव्यात, बागायतदारांच्या नव्हे. बुडवणी आणि विरळणी करणाऱ्या बायकांना कोणत्या बागेचा घड तयार झाला आहे हे आमच्याआधी कळते, आणि त्यांनी नाही म्हटले तर भाऊबंदकीचे दडपणही कमी येते. येत्या खरड छाटणीच्या आधी आमच्या शिवारातील बागायतदारांपुढे मी हा विषय ठेवणार आहे. दोन पेट्यांच्या भावात सुरुवातीला किती फरक पडला तर शेतकरी थांबायला तयार होईल, याविषयी व्यापाराची माहिती असणाऱ्यांनी इथे जरूर लिहावे. बैठकीत पहिला प्रश्न तोच येणार आहे.